स्प्रिंगची दया

पडद्यावरचे खेळ नाणं टाकून चालायचे, त्या काळची ही गोष्ट. एका खेळात लोखंडी मनोऱ्याच्या माथ्यावर अस्वल बसलेलं असे. त्यानं भिवा गवंड्याची लेक डांबून ठेवली होती. भिवा तिला सोडवायला चढू लागला, की अस्वल वरून स्प्रिंग फेकायचं. ती ठरलेल्या जागी उसळ्या घेत जायची. तिच्याखाली भिवा किती वेळा मेला आणि पुन्हा पायथ्यापासून चढला, याला गणती नव्हती.

एके दिवशी स्प्रिंगला दिसलं, भिवा शिडीजवळच्या कोपऱ्यात डोळे मिटून उभा आहे. तिच्या काळजात चर्र झालं.

"माझ्या धास्तीनं अर्धा झालाय बिचारा," ती अस्वलाशेजारी फेकायला रचलेल्या एका पिंपाला म्हणाली. "आज मी शिडीच्या अलीकडेच उडी घेते. त्याची वाट मोकळी होईल."

"नसता शहाणपणा करू नकोस, बये," पिंप म्हणालं. "रोज पडतेस तिथंच पड."

स्प्रिंगनं ऐकलं नाही. पण वेगळी उडी तिनं जन्मात घेतली नव्हती. ती गेली ती थेट कोपऱ्यात, भिवाच्या डोक्यावर.

"या एकाच जागी तू कधी पडत नव्हतीस," भिवा कण्हत म्हणाला. "तुझ्याच भरवशावर दम खात होतो गं."

वरून अस्वल खदखदून हसलं. "शाबास! आता शोभलीस माझी!"

भिवा पुन्हा पायथ्यापासून चढू लागला. स्प्रिंग पुन्हा जुन्याच जागी, इमानानं उसळू लागली. पण भिवा त्या कोपऱ्यात परत कधी थांबला नाही, आणि दम न खाता लेकीपर्यंत कधी पोहोचलाही नाही.