तीन भिंतींचा गोठा

विषय : मौजे कोळवट, तेली आळी, तळ्याकाठचा तीन भिंतींचा गोठा.
संदर्भ : १) चौथी भिंत बांधून देण्याचा मंजूर प्रस्ताव. २) ती न बांधण्याबद्दल ग्रामस्थांचा अर्ज.

वरील विषयी खुलासा असा. समुद्राकडून येणारा रस्ता कोळवटच्या तळ्यापाशी वळतो, तिथे हा गोठा आहे. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, त्यांतल्या समोरच्या भिंतीत एक अरुंद दार, आणि उजवीकडची बाजू सताड उघडी. उघड्या बाजूला उंबऱ्यासारखा एक दगड आडवा पडला आहे. त्याला मनगट जाईल एवढे भोक आहे. आळीत बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, आता तीनच घरे उरली. त्यांतले बिनयामिनकाका पाहुण्यांना त्या दगडावर बसू देत नाहीत. गोष्ट उभे राहूनच ऐका म्हणतात.

फार पूर्वी, असे सांगतात, इथे इसाजी तेली राहत असे. धाकटा भाऊ हनोकजी. बाप गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा थोरल्याने तेलाचा घाणा घेतला आणि धाकट्याने घाण्याचा बैल. दोघांनाही आपण जिंकलो असे वाटले. तीन महिने दोन्ही घरांत थेंबभर तेल निघाले नाही. पुढे एकाने बैल मिळवला, दुसऱ्याने घाणा. पण बोलणे काही सापडले नाही. राहत्या घराच्या मधोमध दगडमातीची भिंत उभी राहिली.

मग इसाजीची एस्तेर तापाने पडली. नऊ वर्षांची पोर, एकुलती एक. सतराव्या दिवशी ती पाणीही गिळेना, तेव्हा इसाजी आळीचे धर्मकार्य पाहणाऱ्या काजींसमोर हात जोडून नवस बोलला : पोर उठली तर वर्षभर बोकड पोसेन, तो आपल्या पायांनी तळ्यापर्यंत चालत जाईल, आणि सारी आळी देवाच्या नावाने जेवेल. पोर उठली.

बोकडच का, आणि पोसलेलाच का, असे पाहुणे विचारतात. पूर्वजांच्या मुलखात म्हणे ऐपतीच्या घरी एक जनावर वेगळे दावणीला बांधलेले असे. त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही, त्याला डोंगरावर हिंडवायचे नाही. त्याने एका जागी बसून फक्त खायचे. असे सुख पुढे काही कचेऱ्यांमधून तेवढे पाहायला मिळाले. पण त्यामागे विचार होता. पाहुणा सांगून येत नाही आणि जनावर एका रात्रीत भरत नाही. म्हणून आनंद यायच्या आधीच त्याची तयारी दारात उभी ठेवायची. मांस माणसांचे, चरबी देवाची. जे सर्वांत हळू साठते, ते त्याचे. एका राजाने देवाच्या आज्ञा ठेवलेली पेटी नगरात आणताना सहा पावले गेल्यावर बैल आणि पोसलेले जनावर वाहिले होते. रिकाम्या हाताने आनंद करायची त्या लोकांना सवय नव्हती. आता वेदी राहिली नाही, यज्ञ नाही. तरी चरबी कोळवटकर खात नाहीत. बाजूला काढून पुरतात.

इसाजीने मधल्या भिंतीला लागून गोठा केला आणि त्यात एक करडू आणून बांधले. आपल्या ताटातली भाकर आणि घाण्याची पेंड तो मापून घाली. बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि बोकड मात्र असा भरत गेला, की आळी थट्टा करू लागली.

"इसाजी, तुझा बैल तेल काढतो की बोकड?"

"मापून घालतो, तेवढंच खातो," इसाजी म्हणे, पण मनात त्यालाही नवल वाटे. मूठभर पेंडेत इतके अंग? त्याने ते देवाच्या कृपेखाली जमा केले आणि विचार थांबवला.

नवसाचा दिवस ठरला शुक्रवार सकाळचा. दिवस मावळला की शब्बाथ, चूल न पेटवण्याचा विसाव्याचा वार, आणि त्याच दिवशी वर्ष पुरे. गुरुवारी इसाजी बोकडाला न्हाऊ घालायला बाहेर काढू लागला. डोके आले, खांदे आले, आणि पोट दारात अडकले. त्याने पुढून ओढले, बायको रेबका मागून रेटू लागली. बोकड मधोमध उभा राहून रवंथ करत राहिला.

"अहो, दारच मोठं करा," रेबका म्हणाली.

"दोन्ही खांबांवर तुळई आहे. खांब हलला तर छप्पर त्याच्याच डोक्यात येईल."

आळी जमली. एकाने सल्ला दिला, आतच कापा. काजी म्हणाले, "नवसात चालत जाईल म्हटलंय. उपाशी ठेवून बारीक केलास तरी चालेल, पण वर्ष उद्या संपतं." मागची आणि डावीकडची भिंत कातळात होती. उरली एकच भिंत, मधली.

काजींनी विचारले, "जेवायला कोणाला सांगितलंस?"

"साऱ्या आळीला."

"हनोकजीला?"

"आळी माझ्या दारापासून धरली होती मी."

"कोणत्या बाजूला?" काजी म्हणाले. "आपल्याकडे एक द्रष्टा होऊन गेला. हस्तिदंती पलंगावर लोळत दावणीची वासरं खाणाऱ्यांना त्यानं चांगलंच झोडपलं. वासरं खाल्ली म्हणून नाही. शेजारी काय मोडलंय ते बघितलं नाही म्हणून."

त्या संध्याकाळी इसाजी घरात बसून राहिला. एस्तेर जवळ येऊन टेकली. तिच्या मनगटाची हाडे अजून दिसत होती. ह्या पोरीसाठी बोललेले देणे त्याच्याकडून फिटणार नव्हते, आणि आडवी आली होती ती त्यानेच रचलेली भिंत.

शुक्रवारी उजाडताच तो वळसा घालून भावाच्या दारात गेला. सात वर्षांत पहिल्यांदा. हनोकजी कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"हनोक, तुझ्या बाजूनं भिंत फोडावी लागेल."

"बोकड अडकला म्हणे."

"हो."

"बोकडासाठी आलास."

"पोरीसाठी आलोय," इसाजी म्हणाला. "जेवायलाही बोलवायला आलोय. आधीच यायला हवं होतं."

हनोकजीने कुऱ्हाड ठेवली आणि पहार उचलली.

तेवढ्यात त्याची बायको लेआबाई भिंतीपुढे आडवी उभी राहिली. "भावोजी, वरून फोडा. खाली मी काढते." तिने खालच्या एका दगडापुढची टोपली बाजूला केली. मागे त्या दगडाला आरपार भोक होते, कडा हाताने गुळगुळीत झालेल्या. टोपलीत पेंड होती. पलीकडून बोकडाने सवयीने तोंड लावले.

लेआबाई म्हणाली, "एस्तेर पडली तेव्हा मीही बोलले होते नवस. माझ्या दारी कोण बोकड बांधू देणार? तुमचाच पोसला. रोज एक मूठ."

हनोकजी बायकोकडे बघत राहिला. "आणि मला वाटत होतं पेंड उंदीर नेतात."

"उंदीर परवडले," रेबका म्हणाली, आणि जावेच्या गळ्यात पडून रडू लागली.

भिंत दुपारच्या आत पडली. बोकड भावाच्या घरातून, स्वयंपाकाच्या चुलीजवळून, आपल्या पायांनी चालत तळ्यावर गेला. सहा पावलांवर दोन्ही भाऊ थांबले आणि काजींनी प्रार्थना म्हटली. शब्बाथच्या आत सारी आळी जेवली. चरबी निघाली ती दोन टोपल्या. ती दोघांनी मिळून पुरली. देवाच्या वाट्याला यापूर्वी कोळवटमधून एवढे कधी गेले नव्हते, असे म्हणतात.

भिंत पुन्हा बांधली नाही. घरे गेली, गोठा राहिला. आजही आळीत लग्नाचा किंवा नवसाचा बोकड एका घरात पोसत नाहीत. ज्या घराशी बोलणे नाही, त्या घराची मूठ त्याच्या पोटात जावीच लागते, आणि ती आणायला स्वतः जावे लागते. बिनयामिनकाका सांगतात, मागच्या खेपेला त्यांना स्वतःला दोन दारी जावे लागले.

संबंधित कार्यालयाने पाहणी करून, उजवीकडील भिंत ढासळल्याचे नमूद केले व ती बांधण्यास मंजुरी दिली. ती ढासळलेली नसून पाडलेली आहे व तशीच असू द्यावी, असा ग्रामस्थांचा अर्ज आहे. अर्जावर तिन्ही घरांच्या सह्या आहेत. त्यांतल्या दोन घरांचे सध्या एकमेकांशी बोलणे नाही. अर्ज प्रलंबित आहे.