गुलाबमास्तरांच्या वळणाचा संदर्भ

सगळा दोष नानासाहेब सरंजाम्यांचा. उगाच दुसऱ्या कुणावर ढकलायचं काम नाही.

नादकोश म्हणजे इंटरनेटवरचा संगीताचा मराठी ज्ञानकोश. लिहिणारे सगळे हौशी, बिनपगारी. त्यांचे राजे नानासाहेब. का? तर वयाने सगळ्यांत मोठे आणि हट्टानेही सगळ्यांत मोठे. दर शुक्रवारी पेपरात त्यांचं ‘कानोसा’ नावाचं संगीतावरचं सदर यायचं, आणि कोशातल्या निम्म्या लेखांखाली संदर्भ म्हणून तेच असायचं. नियमही त्यांनीच लिहिलेले. संदर्भ छापील हवा, जाणकाराचा हवा, नात्यागोत्यातला नको. शिवाय, ‘स्तुती विकत मिळते, म्हणून निंदेवर अधिक विश्वास ठेवावा.’ हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं की ते त्यांनी ठळक अक्षरांत टाकलं होतं.

भांडण एका धुनेवरून पेटलं. वरात मांडवाकडे शेवटचं वळण घेते तेव्हा गावातला प्रत्येक बँड एकच धून वाजवतो. ती गुलाबमास्तर कोरव्यांनी रचलेली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांची मुलगी अबोली कॉलेज अर्ध्यावर सोडून बापाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. तिने कोशात ‘गुलाबमास्तरांचं वळण’ असा लेख टाकला. दुपारपर्यंत नानासाहेबांनी मथळा बदललासुद्धा: ‘एक पारंपरिक वरातधून’. खाली रचनाकार: अज्ञात.

हे अज्ञात त्या वेळी घरी खाटेवर बसून चहात खारी बुडवत होते. अबोलीने मोबाइल पुढे धरला. मास्तरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

“मी मेलो काय गं?”

“अजून नाही, आप्पा. तुम्हाला संदर्भ नाही एवढंच.”

मास्तर हसले. पण खारी तुटून चहात पडली, ती त्यांनी काढली नाही. कप तसाच ठेवून दिला. तेवढ्यावरून अबोलीचं डोकं सटकलं.

लेखाच्या चर्चापानावर मग जुंपली. कुणी म्हणालं, मथळा लोकांच्या तोंडी आहे तोच हवा. कुणी म्हणालं, लोकांच्या तोंडाला काय संदर्भ? निवृत्त ग्रंथपाल वैद्यबाईंनी मधला मार्ग काढला, की ‘रचनाकाराविषयी मतभेद’ असं लिहू. आता मतभेद होता एकट्या नानासाहेबांचा, पण हे बोलायची हिंमत त्या सगळ्या विद्वानांत कुणाला होती?

रविवारी संपादकांची बैठक नानासाहेबांच्या दिवाणखान्यात भरायची. अबोली बापाला घेऊनच तिथे गेली. नानासाहेबांनी मास्तरांना खुर्ची दिली, चहा दिला, गुडघे कसे आहेत विचारलं. मग म्हणाले, “मास्तर, धून तुमचीच आहे, मला पक्कं ठाऊक आहे. पण मला ठाऊक असणं हा संदर्भ नव्हे. मुली, पुढच्या रविवारपर्यंत छापील संदर्भ आण. नाहीतर ‘अज्ञात’वर कायमचं कुलूप, मग कुणालाच बदल करता येणार नाही.”

बँडवाल्यांचं आजवर काय छापून आलंय? फोन नंबर! नानासाहेबांनाही ते माहीत होतं, म्हणून तर मिशीतल्या मिशीत हसत होते.

“नियमात बसेल ते सगळं चालेल ना?” अबोलीने विचारलं.

“नियम म्हणजे नियम.”

त्याच आठवड्यात एका प्लंबरच्या मुलाची वरात होती आणि ती नानासाहेबांच्या कोपऱ्यावरूनच जाणार होती. संध्याकाळची वेळ, नानासाहेबांची जुन्या रेकॉर्डी ऐकायची. अबोलीने बरोबर त्यांच्या गॅलरीखाली बँड थांबवला आणि वळण वाजवायला घेतलं. एकदा, पुन्हा, परत एकदा. नवरदेवाचे मित्र नाचायला टपलेलेच होते. नवरदेवही घोड्यावरून उतरला. शेवटी नानासाहेब लालबुंद होऊन बाहेर आले आणि ओरडले, की मी तक्रार करीन.

अबोलीने क्लॅरिनेट खाली घेतलं. “कुणाच्या नावाने करणार, नानासाहेब? रचणारा अज्ञात आहे.”

गॅलरीचं दार धाडकन बंद झालं. आत दिवा लागला तो उशिरापर्यंत विझला नाही.

पुढच्या रविवारी अबोली शुक्रवारचा पेपर घेऊन हजर. तिने उभ्यानेच वाचलं: “‘माझ्या घराच्या कोपऱ्यावर वरात थांबवून वाजवलेल्या या उपद्रवाचा जनक कोण हे मी चांगलं जाणतो. गुलाब कोरवी नामक इसमाने तरुणपणी रचलेलं आणि गुलाबमास्तरांचं वळण या नावाने बोकाळलेलं हे प्रकरण म्हणजे संगीत नव्हे, नागरिकांचा छळ आहे.’ सदर, कानोसा. झाला छापील?”

वैद्यबाईंनी पेपर हातात घेऊन बघितला आणि मान डोलावली. अबोली पुढे म्हणाली,

“जाणकाराचा आहे का ते तुम्हीच सांगा. नसेल, तर कोशातले निम्मे लेख आजच पुसू. आणि नात्यातले तुम्ही नाहीच. असता तर त्या दिवशी खाली येऊन नाचला असता.”

वैद्यबाईंनी रुमाल तोंडाला लावला. “निंदाही आहे हो, नानासाहेब. तुमच्या ठळक अक्षरांतली.”

“अरे, हे मी रागाच्या भरात लिहिलं!” नानासाहेब म्हणाले.

“म्हणून तर खरं नाव बाहेर पडलं,” अबोली म्हणाली. “शांतपणे लिहिता तेव्हा तुम्हाला कुणी आठवत नाही.”

 नानासाहेब जे हसत सुटले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. म्हाताऱ्याचं एक मानलं पाहिजे, हरल्यावर रडला नाही. जुना मथळा त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केला, रचनाकारापुढे मास्तरांचं पूर्ण नाव घातलं, आणि अबोलीला तिथल्या तिथे संपादक करून त्या लेखाच्या कुलपाची किल्ली तिच्याकडे दिली.

मास्तरांनी घसा खाकरला. “तेवढं ‘इसम’ काढता येईल काय?”

“नाही, आप्पा,” अबोली म्हणाली. “संदर्भ आहे तसाच द्यावा लागतो.”

आहे तसाच दिला, म्हणून त्यात नानासाहेबांच्या घराचा कोपराही आला. लेख वाचून गावातली प्रत्येक वरात तिथे थांबायला लागली. ती लग्नसराई संपेपर्यंत नानासाहेबांना संध्याकाळी एकही रेकॉर्ड ऐकता आली नाही.