राजेसाहेबांचे हत्ती

मातीच्या सैन्यांच्या खेळाचे नियम राजेसाहेबांनीच लिहिलेले. त्यांचे हत्ती एका खेळीत चार घरं धावायचे, समोरचं पायदळ एकच घर. राजेसाहेब दरवर्षी जिंकायचे. ही सैन्यं घडवणारा सटवाजी कुंभार यंदा बोलून गेला, "सरकार, हा सामना बरोबरीचा नाही."

राजेसाहेब भडकले. "दोन्ही सैन्यं तोडीस तोड आहेत! बस समोर. हरलास तर गाव सोडायचं!"

पटासमोर बसताच सटवाजीने हात जोडले. "चुकलो, सरकार. तोडीस तोडच आहेत." आणि अलगद पट फिरवून त्याने हत्ती स्वतःकडे घेतले.

"अरे, मग मी हरेन ना!" राजेसाहेब ओरडले.

सगळा दरबार खो खो हसला, शेवटी राजेसाहेबही. सुटकेचा निःश्वास टाकत सटवाजी घरी निघाला, तो पायदळासाठी घोडे घडवायचा हुकूम घेऊनच.