अनसाईची काडी

"गुलाबाची काडी म्हणे शेळीनं खाल्ली!" मागच्या अंगणात सासूबाई हळूच म्हणाल्या.

शेजारच्या हौसाकाकू खुदकन हसल्या. "आणि शेळी कुणाची, तर माझी! दोन दिवस बांधून ठेवलंय बिचारीला. सूनबाईनं अनसाईची गोष्ट ऐकलेली दिसत नाही अजून."

मी दाराआड होते. लग्नाला जेमतेम सव्वा महिना झालेला. गोष्ट खरंच ऐकली नव्हती. ती संध्याकाळी जाऊबाईंनी भाकरी थापता थापता सांगितली, माझ्याकडे मुद्दाम न बघता.

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता तेव्हा, अनसाई नावाची माळ्याची लेक या गावात सून म्हणून आली. माहेरून तिनं आणली ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची एक काडी. ती दारात लावली आणि मूळ फुटलं का म्हणून रोज सकाळी उपटून बघू लागली. आठव्या दिवशी काडी काळी पडली. सासूनं विचारलं, तर अनसाई म्हणाली, "बायजाच्या शेळीनं खाल्ली."

बायजा शेजारीण, एकटी बाई. गावानं तिची शेळी नदीपार हाकलून दिली. असं म्हणतात, त्या दिवसापासून अनसाईला घास गोड लागेना, मान वर होईना. शेवटी भर पाणवठ्यावर ती म्हणाली, "शेळीनं नाही, मी मारली काडी." मग छातीभर पाण्यातून गेली, शेळी खांद्यावर घेऊन आली. तीच वाळकी काडी बायजाच्या दारात रोवली, आपलेच हात पदरानं बांधून घेतले आणि चाळीस दिवस समोर बसली. पाणी बायजा घाली. असं म्हणतात, एकेचाळिसाव्या दिवशी बशीएवढं फूल आलं आणि त्याचा वास नदीपलीकडे गेला. तेव्हापासून ते झाड थांबलंच नाही. ऊन असो, थंडी असो, एक फूल गळतं तोवर दुसरी कळी. आणि शेळ्या? असं म्हणतात, त्या झाडाला शेळ्या तोंडच लावत नाहीत.

अनसाई गेली, झाड आहे. अजून नव्या सुनेला त्याचीच काडी देतात. लावून झाली की तिच्या दोन्ही मनगटांना सुताचा धागा बांधतात, आणि पहिलं फूल शेजारणीच्या दारी जातं.

माझ्या मनगटांवर तो धागा होताच. मला वाटलं होतं, शोभेचा असेल.

सकाळी सासूबाई आणि हौसाकाकू पुन्हा अंगणात बसल्या होत्या. पलीकडे शेळी दावं ओढून ओरडत होती. माझे कान तापले. मागे फिरावं असं दोनदा वाटलं. तरी गेले.

"काकू, सोडा तिला. तिनं काही खाल्लं नाही. काडी मीच उपटत होते, सासूबाई. रोज."