शेवग्याची उरलेली फांदी

झाडं आणि बाजा बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या मालनच्या अंगणात एक शेवगा होता. त्याच्या सावलीला कोंबडी आडोसा म्हणायची, गाय गारवा म्हणायची आणि अंगणात टाकलेली सुंभाची बाज मात्र अंधार म्हणायची.

मालन नवी सून. तिने पहिल्यांदाच उडदाचे पापड लाटायला घेतले, तशी बाज कुरकुरली, "माझ्यावर पापड वाळणार कसे? तोडा हा शेवगा."

मला कोणी विचारलं नव्हतं. तरी कुंपणावरून मी म्हटलं, "खरंय गं, पापडाला कडक ऊन हवं." कोयताही मीच दिला.

"एक फांदी तरी ठेवा," शेवगा म्हणाला. मालनला दया आली, तेवढी एक राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिले पापड उन्हात तासाभरातच वाकडे होऊन तडकले. कोंबडी मला म्हणाली, "उडदाचे पापड सावलीत वाळवतात, काकू. एवढं मलाही ठाऊक आहे."

उरलेल्या पापडांसाठी बाज त्या फांदीखाली ओढली, पण सावली अर्ध्या बाजेलाच पुरली. मग उरलेल्या अर्ध्या बाजेशी मी पदर पसरून उभी राहिले. अंगाने मी भरपूर आहे.

"काकू," शेवगा हळूच म्हणाला, "जरा डावीकडे सरका. तिथले चार उन्हात आहेत."