येसू सुकटवालीचं अंडं

फार फार वर्षांपूर्वी, माणसं खोटं बोलताना निदान घाम तरी पुसायची त्या काळात, खाडीकाठच्या खारवण गावात येसू सुकटवाली राहायची. तिच्या टोपलीचा वास असा, की समोरून आलेला वाघही वाट सोडून जायचा, असं म्हणतात. वाघाला सर्दी असती तर गोष्ट वेगळी.

गावची देवी खाडजाई. ती समुद्रातून वर आली, म्हणजे मासे तिची भावंडं. म्हणून जत्रेआधी महिनाभर गावात मासळी बंद. ओली नाही, सुकी नाही. कोंबडी-अंडी मात्र चालायची, कारण कोंबडी देवीची कुणीच लागत नव्हती. महिना लागला की येसू सुकटीची मडकी शेणानं लिंपून टाकायची आणि कण्यांच्या पेजेवर दिवस काढायची. तिच्या कोंबड्यांनाही तेच. कण्या, कोंडा, वर थोडा खोबऱ्याचा चोथा.

एका वर्षी जत्रेच्या सकाळी अघटित घडलं. पालखी उचलेना! खांदेकरी थकले, मग बाकीचे बाप्ये लागले, शेवटी जत्रेला आलेले जावईसुद्धा जुंपले. खालचा दगड तडकला, पण पालखी तसूभर हलली नाही, असं म्हणतात. बायांनी तोंडावर पदर घेतले. ढोलवाल्याचा हात वरचा वर राहिला.

गावचा मानकरी राघो, ज्याच्या मिशीला गाव भ्यायचं, तो ओरडला, "कुणीतरी मासळी खाल्लीय!"

सगळ्या माना येसूकडे वळल्या. सुकट कुणाच्या घरात? येसूच्या. वास कुणाच्या लुगड्याला? येसूच्या. झालं की!

"येसू, दिवस मावळायच्या आत गाव सोड," राघो म्हणाला.

येसूला वाटलं, पायाखालचा कातळच सरकला. नवरा खाडीनं नेलेला. घर म्हणजे चार कुडाच्या भिंती, पण त्या तिनं आपल्या हातांनी लिंपलेल्या. ते सोडून जायचं कुठं? तेवढ्यात तिची लाल कोंबडी देवळामागं नुकतंच अंडं घालून गाव डोक्यावर घेऊ लागली. येसू चमकली.

"थांबा! माझ्याकडे मासळी शिजली असती, तर डोकी नि काटे माझ्या कोंबड्यांनीच टिपले असते ना? मग त्यांचं अंडं खाऊन बघा. कोंबडी जे टिपते, ते अंड्यात उतरतं."

"अंड्याला कसली गो आलीय चव!" भिवा गुरव हसला. "अंडं ते अंडं."

"घरात कशालाच चव नाही, म्हणून तुला तसं वाटतं," येसू म्हणाली. भिवाच्या बायकोनं डोळे वटारले.

अंडं उकडलं. राघोनं नाक मुरडून चावा घेतला आणि थबकला. खोबऱ्यासारखं गोड!

"सगळीच अंडी अशी लागतात," तो गुरगुरला. "माझ्या घरचं आणा, ताडून बघू!"

आलं. राघोनं सगळ्यांसमोर फोडलं. आणि देवळाच्या कळसापर्यंत सुक्या बोंबलाचा घमघमाट सुटला, असं म्हणतात!

राघोची मिशी खाली आली. "माझी कोंबडी... शेजारी चरते!"

"माझ्याकडे?" शेजारी उसळला. "आणा रे माझं अंडं!" आणलं. त्यात सुक्या करंदीचा वास! तो म्हणाला, माझी चरते पलीकडे. पलीकडचं आणलं, त्यात वाकटीचा! असं करत करत अंडी गुरवाच्या घरापर्यंत पोचली. भिवाचं अंडं फोडलं, तर बलकाला चक्क बांगड्याच्या तिखल्याची चव! फक्त वरून कोकम घालायचं राहिलं होतं.

गाव हादरलं. घरोघरी दारं लावून मासळी चालली होती आणि जो तो समजत होता, पापी आपण एकटेच! काटे परसात टाकले, कोंबड्यांनी ते साफ केले, पुरावा संपला. पण कोंबडी गिळते ते पोटात कुठं ठेवते?

सगळ्यांत मोठा धक्का येसूला. तिला आपलं घर वाचवायचं होतं. इथं तर गावच उघडं पडलं. मग तिच्या डोक्यात दुसराच उजेड पडला.

"महिनाभर मी मूठभर सुकट विकली नाही. मग ही आली कुठून?"

मागून एकजण पुटपुटला, "खाडीपल्याडच्या बाजारातून."

"मेल्यांनो!" येसू कडाडली. "देवीला फसवलंत, ते देवी बघेल. पण मी इथं पेज पिऊन बसले आणि तुम्ही पल्याडची सुकट आणलीत? ती वाळूत वाळवलेली, दाताखाली कचकचणारी?"

आणि तिनं रागानं पालखीच्या दांड्यावर हात आपटला. पालखी पिसासारखी वर आली! येसूच्या एका हातावर ती गावभर फिरली. पुढं लाल कोंबडी, मागं मान खाली घातलेलं गाव. असं म्हणतात.

येसू त्याच घरात म्हातारी झाली. आजही खारवणमध्ये मानकऱ्यानं आपल्या कोंबडीचं अंडं चारचौघांत फोडून खाल्ल्याशिवाय पालखीला कुणी खांदा देत नाही. त्याला 'येसूचं अंडं' म्हणतात. कुणी कुणाकडे बोट दाखवलं, तरी बायका विचारतात, "आधी अंडं खाल्लंस का रे?"

आणि तो महिना लागला, की गावातली एकही कोंबडी परसात दिसत नाही. घरोघरी त्यांना डालग्याखाली कोंडून कण्या घालतात. खारवणच्या कोंबड्या व्रत अगदी कडक पाळतात. माणसांचं विचारू नये.