सहाही विषय मोठे

“पण बाबा, मोठं मिळत असताना लहान कुणी मागून घेतं का?”

जयमालाने कागद पुढे सरकवला. डोंगरावरच्या इंटरनॅशनल शाळेत ती मुलांच्या कपड्यांना इस्त्री करायची. त्याच शाळेत तिची धनश्री शिकत होती, आता अकरावीत जाणार होती.

लाडलेबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. दरीतून धुकं वर येत होतं, हळूहळू, चप्पल बाहेर काढून आल्यासारखं.

“काय आहे ह्यात?”

“सहा विषय. तीन मोठे घ्यायचे, खोलात जाऊन. तीन लहान, जरा बेतानं. वर चार हजार शब्दांचा निबंध. त्यातला प्रश्नसुद्धा पोरीनं स्वतःच शोधायचा.”

“मग?”

“मी सहाही मोठ्यात टाकले.”

बाबा खोकल्यासारखं हसले.

“हसता काय? आपल्याच पोरीला कमी का म्हणून शिकवायचं? पण शाळेनं परत पाठवलं. म्हणे, एवढं कुणालाच झेपत नाही, मुलीला विचारून भरा. हा नवा कोरा कागद दिलाय. चार वाजेस्तोवर द्यायचाय.”

“विचारलंस?”

जयमालानं कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“जयमाला?”

“दोन दिवस झाले, बोलत नाही माझ्याशी. अर्ध्या ताटावरून उठते. आधी तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या मी खोडल्या. नाटक घेतलं होतं हो मोठ्यात! आणि गणित लहानात! जन्माचं नुकसान करून घेईल ती. मी आई आहे, गप्प बसू?”

बाबांनी निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकला. उदाचा धूर धुक्यात शिरला. कुठला कोणता, कळेना.

“तुला काय आवडायचं गं शाळेत?”

“मला?”

कितीतरी वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“...नकाशे.”

“काढ.”

“कशावर?”

बाबांनी फरशीकडे बोट केलं. धुक्यानं ती दमट झाली होती.

जयमाला लाजली. मग तिनं बोट टेकवलं. किनारा निघाला, वरून खाली, दातेरी. कुठल्या खाडीपाशी किती आत वळायचं, ते बोटालाच ठाऊक होतं. मग कृष्णा आली. कोयना तिला भेटायला आली. धुकं ओट्यावर चढलं. शाळा दिसेनाशी झाली, डोंगर दिसेनासा झाला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी तेवढी उरली, समुद्राच्या कडेकडेनं चालत...

“सुरेख. पुढं?”

“पुढं काय, बाबा. सातवी झाली आणि घरी बसवलं. धाकटा भाऊ सांभाळायला.”

दोघंही फरशीकडे बघत राहिली. किनारा वरच्या टोकापासून पुसट होत चालला होता.

जयमाला एकदम सावरून बसली. पेनाचं टोपण काढलं.

“सापडलं, बाबा! नाटक काढून टाकते, आणि धनूला भूगोल देते मोठ्यात!”

बाबांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या कानावर खोचलं. मग कोऱ्या कागदाची घडी घालून तिच्या ओंजळीत ठेवली.

“हा धनूला दे, बेटी. तुझा आठवीतला बाक अजून रिकामा आहे.”